पिवळ्यात काय येतं?

पाथर्डीत दवाखाना बांधला तेव्हा भिंतींना रंग कोणता द्यायचा यावरून माझं आणि सौ.चं चांगलंच वाजलं होतं. ती मोतिया म्हणत होती, मी फिकट हिरवा. शेवटी मोतिया लागला. आज कुणी विचारलं, ‘डॉक्टर, रंग कोणता हो तुमच्या दवाखान्याचा?’ तर दोघांनाही सांगता यायचं नाही. कारण भिंतच दिसत नाही.

सरकारला आरोग्यव्यवस्था सुधारावीशी वाटली की आमच्या भिंतीवर एक बोर्ड वाढतो. दाराशी नर्सिंग होमच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. कायदा १९४९चा, पण त्याखालचे नियम २०२१च्या जानेवारीत सुधारले, म्हणून त्याच्या शेजारी दरपत्रक, दरपत्रकाशेजारी रुग्ण हक्कांची सनद आणि सनदेखाली तक्रार कुठे करायची त्याचा नंबर. पलीकडे कचऱ्याचा तक्ता. मग योजनेचा फ्लेक्स. त्याच्यावर पुढाऱ्यांचे फोटो असल्यामुळे तो सरकार बदललं की बदलावा लागतो. आगीच्या बोर्डाबद्दल मात्र मी विनोद करत नाही. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला २०२१च्या नोव्हेंबरात लागलेली आग या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. एवढंच सांगतो, की तपासणी करून, तारीख टाकून लावलेल्या त्या लाल सिलिंडरला नातेवाईक जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवतात.

या गर्दीत धन्वंतरीची तसबीर जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या वर गेली आहे. उदबत्ती रोज लागते. आगीची तपासणी असेल त्या दिवशी तेवढी लागत नाही.

बरं, हे बोर्ड वाचतं कोण? सनद इतक्या शुद्ध सरकारी मराठीत आहे की ती पूर्ण वाचलेला एकच माणूस मला भेटला. तो बायकोच्या बाळंतपणाला आला होता आणि रात्रभर त्याला दुसरं काही काम नव्हतं. दरपत्रक मात्र सगळे वाचतात, आणि वाचून माझ्याकडे येतात.

“डॉक्टर, हार्नियाचं येवढं लिव्हलंय, ते फिक्स हाये का?”

“फिक्स म्हणजे?”

“न्हाई, माझ्या भावालाबी हार्नियाच हाये. दोघांचं संगट घेतलं तर?”

मग २०२५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेने क्यूआर कोड आणला. तो स्कॅन केला की समोरचा डॉक्टर खरोखर नोंदणीकृत आहे की नाही ते पेशंटला कळतं. कल्पना उत्तम. बोगस डॉक्टरांना आळा बसावा असं खऱ्या डॉक्टरांइतकं कुणाला वाटत असेल? मी तो कोड मोठ्या अभिमानाने टेबलावर ठेवला. पहिल्याच दिवशी तिसगावचे एक नाना तपासून झाल्यावर मोबाईल त्याच्यावर धरून बसले ते उठेनातच.

“डॉक्टर, पैसे जाईनात. नुस्ता तुमचा फोटू येतोय.”

“नाना, तो पैशांचा कोड नाही. मी खरा डॉक्टर आहे हे लोकांना कळावं म्हणून लावलाय.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. “म्हंजे इतके दिस काय शंका व्हती का काय?”

आता योजनेचं. आधी खरं ते सांगतो, कारण डॉक्टरांच्या बैठकीत मी हे कधी बोलत नाही. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या काळात मोठं ऑपरेशन म्हणजे घरातली बैलजोडी तरी जायची, नाहीतर मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल तरी घ्यावी लागायची. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोने एका ऑपरेशनपायी अख्खा हंगाम कोयता चालवायचा, असा तो हिशोब होता. २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली. मग तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०१८ला केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२०ला दोघींचा संसार एकत्र झाला. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाची अट जाऊन पांढरं कार्डही चालू लागलं. बैलजोड्या वाचल्या. यात मला तक्रार करायला जागा नाही, आणि डॉक्टरला तक्रारीला जागा नसली की तो बेचैन होतो.

पण पाच लाख हा आकडा गावात पोचला तो वेगळ्याच वाटेने. एक अण्णा कार्ड घेऊन आले. दुखणं किरकोळ होतं.

“डॉक्टर, ह्याच्यावर पाच लाख आल्यात म्हणं.”

“आलेत असं नाही अण्णा. तेवढ्यापर्यंतचा उपचार फुकट होतो.”

“तेच की. तुमचे काय होत्याल ते कापून घ्या, आन् ऱ्हायलेले रोख द्या. पोरीचं लग्न काढलंय.”

मी समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना सांगितलं, “हा डॉक्टर देत न्हाई. दुसरीकडं बघावं लागंल.”

योजनेचं कार्ड काढणं हा वेगळाच अध्याय आहे. ते आधारशी जोडायचं, त्यासाठी अंगठा लावायचा किंवा मोबाईलवर ओटीपी यायला हवा. एका संध्याकाळी पित्ताशयातल्या खड्यांनी हैराण झालेली एक आक्का आली. तातडीच्या पेशंटला फोनवरून परवानगी मिळायची सोय असते, पण आक्काचं दुखणं कागदावर तातडीचं ठरत नव्हतं. ते फक्त तिच्या पोटात तातडीचं होतं.

आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने मशीन पुढे केलं. “आक्का, अंगठा.”

‘पुन्हा प्रयत्न करा.’

“आक्का, अंगठा पुसा जरा.”

तिने पदराला अंगठा पुसला. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ दहाही बोटं झाली. मी तिचा हात उताणा करून पाहिला. तळव्यावर घट्टे, अंगठ्याची पेरं गुळगुळीत. “कोयता धरून धरून रेघा गेल्या बाबा,” आक्का म्हणाली, “त्याच्यात माझा काय गुन्हा?”

मग ओटीपी. आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा रांजणगावला कंपनीत, सेकंड शिफ्टला. आणि मोबाईल गेटवर जमा. आम्ही फोन लावतोय, तो गेटवरच्या कपाटात वाजतोय. शेवटी आक्काच्या भाच्याने कुणालातरी पकडून गेटवरच्या सिक्युरिटी गार्डचा नंबर मिळवला. गार्डने मुलाला बाहेर बोलावण्याऐवजी आतून पासवर्ड विचारून घेतला, मोबाईल उघडला आणि खणखणीत आवाजात सहा आकडे सांगितले. तोवर त्यांची मुदत संपली होती. “दुसरा पाठवा साहेब,” तो म्हणाला, “म्या हितंच उभा हाये.” दुसरा पाठवला. सर्व्हर बसला. सर्व्हर उठला, तोवर गार्डची ड्यूटी सुटायची वेळ झाली. तरी तो थांबला. ओटीपी जुळला तेव्हा त्याने फोनवर विचारलं, “झालं का? मग आता थांबलं का मावशीचं पोट दुखायचं?”

त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही. पण आक्काच्या ऑपरेशनला हातभार लावणाऱ्यांची यादी करायची झाली तर नगरहून गाडी काढून आलेल्या भूलतज्ज्ञाच्या खालोखाल त्याचं नाव घालावं लागेल. माझं त्याच्या नंतर.

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नाही. त्यानंतर फोटो. दाखल करताना फोटो, आधी फोटो, नंतर फोटो, घरी जाताना फोटो. फसवाफसवी होऊ नये म्हणून हे आहे आणि फसवाफसवी होत होती, हेही खरं. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हातापायाचं, फार तर पोटाचं ऑपरेशन असावं. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. दुखणं भगंदराचं. ऑपरेशन छान झालं, फोटो पाठवला, आणि कुठल्याशा संगणकाआड बसलेल्या तपासनिसाचा प्रश्न आला : ‘छायाचित्रात रुग्णाचा चेहरा दिसत नाही. चेहरा व जखम एकाच छायाचित्रात असणे आवश्यक.’

मी ते वाचून बराच वेळ बसून राहिलो. माणूस घडवताना ब्रह्मदेवाने तपासनिसाची सोय पाहिली नाही, हे त्याला कळवायचं कसं?

गुरुजी सभ्य माणूस. उभी हयात शाळेच्या ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. त्यांना ही मागणी सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “शासनाचा आदेश आहे ना? मग झालं.” आम्ही गुरुजींना कुशीवर वळवलं, मान वळवायला सांगितलं. चेहरा आला की जखम जाते, जखम आली की चेहरा जातो. शेवटी वॉर्डबॉयने कोपऱ्यावरच्या सलूनमधून मोठा आरसा आणला. आरसा तिरका धरला, दोन्ही गोष्टी एका चौकटीत आल्या. वॉर्डबॉयचा लग्नात फोटो काढायचा जोडधंदा आहे. सवयीने तो म्हणाला, “गुरुजी, थोडं हसा.”

फोटो गेला. चार दिवसांनी उत्तर आलं : ‘छायाचित्रात दोन व्यक्ती दिसत आहेत. खुलासा करावा.’

सुधारणांचा भार सगळ्यांत जास्त पडतो तो आमच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीवर. २०१६च्या नियमांप्रमाणे दवाखान्याचा कचरा रंगांत विभागायचा असतो. रक्ताने भरलेला कापूस, बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. मी स्वतः चुकतो अधूनमधून. मावश्यांना पाठ आहे. काउंटरवरची मुलगी मात्र दिवसभर रेशनकार्डं बघते. एक दिवस कचऱ्याच्या तपासणीला साहेब आले, नेमक्या मावश्या जेवायला गेलेल्या. साहेबांनी तिलाच गाठलं.

“पिवळ्यात काय येतं?”

ती ताडकन उभी राहिली. “वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आतले, सर.”

साहेब चमकले. “आणि पांढऱ्यात?”

“एक लाखाच्या वरचे.”

“आणि लालमध्ये?”

तिने थोडा विचार केला. “लाल अजून आलं नाही सर. नवीन जीआर आहे का?”

साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण जाताना ते हसू दाबत होते, त्यामुळे दंड झाला नाही.

मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं. २०२४च्या ऑक्टोबरात अहमदनगरचं अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. आम्हाला अडचण नव्हती, आम्ही पूर्वीही ‘नगरला जाऊन येतो’ म्हणत होतो आणि आताही तेच म्हणतो. अडचण कॉम्प्युटरला झाली. माझ्या प्रमाणपत्रावर एक जिल्हा, शिक्क्यावर दुसरा, पेशंटच्या आधारवर पहिला आणि एका पोर्टलवरच्या यादीत जो सापडेल तो. मग अर्ज फेटाळल्याचं कारण यायचं : ‘रुग्ण व रुग्णालय वेगवेगळ्या जिल्ह्यांतील.’ पेशंट माझ्या गल्लीतला होता. त्या वर्षी पाथर्डीत ज्याची प्रॅक्टिस खरोखर वाढली असा एकच माणूस म्हणजे शिक्के बनवणारा.

जेनेरिक औषधांचं तर तीन आठवड्यांतच आटोपलं. २०२३च्या २ ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम आले, की औषधाचं मूळ नावच लिहा आणि नीट वाचता येईल असं लिहा. २३ ऑगस्टला स्थगित झाले. तेवढ्या काळात मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि मेडिकलवाल्याचा घाबऱ्या आवाजात फोन आला, “सर, सही तुमची वाटतीय, पण चिठ्ठी कुणी लिहिलीय? वाचता येतंय सगळं.”

या सगळ्याविरुद्ध आवाज उठवावा म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी जमलो. विषयपत्रिकेवर एकच विषय : शासनाच्या आरोग्यविषयक धोरणाचा निषेध. कोणत्या धोरणाचा, ते चर्चेतून ठरायचं होतं. एका ज्येष्ठांनी विचारलं, “नवा नियम नेमका काय आहे, कुणी वाचलाय का?” सगळे शेजाऱ्याकडे बघू लागले. “पीडीएफ आलीय ग्रुपवर,” एक जण म्हणाला, “फार पानं आहेत.”

मग मुद्दे आले, आणि ते खोटे नव्हते. पॅकेजचे दर मुंबईत ठरतात आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत, डिझेल आणि ऑक्सिजनचे दर मात्र हलतात. बिलाचे पैसे यायला इतका वेळ लागतो की पेशंट दुसऱ्या दुखण्याला येतो तेव्हा कुठे पहिल्याचे जमा झालेले असतात. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला कागदांसाठी स्वतंत्र खातं ठेवता येतं. तालुक्याच्या गावात रात्री दोनला बाळंतीण घेणाऱ्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्याला तेच कागद तेवढेच भरावे लागतात. असे दवाखाने बंद पडले तर पाथर्डीच्या माणसाला रात्री नगर गाठावं लागेल, तेही गाडी मिळाली तर. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यातल्या एका अभ्यासूने तर जगाचा दाखला दिला. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू व्हायची होती तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही कडाडून विरोध केला होता. टाळ्या पडल्या. “आणि आता,” तो पुढे म्हणाला, “त्या सेवेला कुणी धक्का लावायला गेलं की तेच डॉक्टर तिच्या बचावाला उभे राहतात.” टाळ्या थांबल्या. हा दाखला कुणाच्या बाजूचा, हे कुणालाच कळेना.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उठला. “सर, आपण एकमेकांना पेशंट पाठवण्याचा कट घेतो, तोही बंद करायचा ठराव करू या का? म्हणजे सरकारला बोलायला जागा राहणार नाही.” आणि काय योगायोग पाहा, नेमकी त्याच क्षणी जेवणाची वेळ झाली.

आमच्या विरोधाला धार मात्र असते. २०२५च्या सप्टेंबरात होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाच्या कोर्सवर ॲलोपॅथीची नोंदणी देण्याचा निर्णय आला. १८ तारखेला राज्यभर चोवीस तासांचा संप झाला. मीही ओपीडी बंद ठेवली. दाखल पेशंट होतेच, त्यांना वाऱ्यावर कसं सोडणार? त्या दिवशी वॉर्ड कुणी सांभाळला म्हणता? आमच्याकडे रात्रपाळीला असतात ते होमिओपॅथीचे डॉक्टर. बिचाऱ्याने आमच्या संपाला मनापासून शुभेच्छाही दिल्या.

पदवी आणि कागदांवाचूनचं काम बघायचं तर लांब जायला नको. आमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केलं. खेड्यातल्या बायकांना, ज्यांतल्या अनेकींनी शाळेची पायरी चढली नव्हती, त्यांनी बाळंतपण करायला, पोरांची वजनं घ्यायला, जुलाबात साखरमिठाचं पाणी पाजायला, कुष्ठरोग ओळखायला शिकवलं. १९७९ला मॅगसेसे पुरस्कार आला, जगभरातून लोक ते बघायला येऊ लागले. मला कधी कधी वाटतं, तेव्हा पोर्टल असतं तर? ‘आरोग्यसेविकेची शैक्षणिक अर्हता’ या रकान्याशेजारी लाल तारा असता. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकलं नसतं आणि जामखेड अजून पहिल्याच पानावर राहिलं असतं. त्या बायकांनी ज्याला हात लावला त्याचा अंगठा उमटतो की नाही हे पाहिलं नाही. तो तापाने फणफणलाय का, एवढं पाहिलं. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही तरी आता कुठं बघता? परवा माझं डोकं दुखत होतं तर म्हणालात, रेशनकार्ड कुठाय.”

तेव्हा माझ्या पेशंटांना हात जोडून विनंती. योजना तुमच्या हक्काची आहे, ती सोडू नका. येताना मूळ रेशनकार्ड आणा, आधार आणा आणि आधारला जोडलेला मोबाईल त्याच्या मालकासकट आणा. नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर पोट दुखायला लागण्याआधी दुरुस्त करून घ्या, लागल्यावर वेळ मिळत नाही. कोणता आजार योजनेत बसतो हे विचारायला १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरांवर फोन करा, पैसे पडत नाहीत. माझ्या मोबाईलवर मात्र करू नका. तो ओटीपीसाठी मोकळा ठेवावा लागतो.